तिचं नेटवर्क, माझा बोर्ड

आमच्या हॉस्पिटलात टेलिफोन ऑपरेटर दोघीच होतो, मी आणि ती. तिचं नाव मी लिहीत नाही, कारण हे लिहिण्याआधी तिला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर ती म्हणाली असती, लिही ना, घाबरतेस कशाला. तेच मला नको होतं.

हॉस्पिटल घाटकोपरला, एका ट्रस्टचं. तळमजल्यावर चौकशीच्या खिडकीमागे आमची खोली. त्या खोलीला सगळे 'बोर्ड' म्हणायचे. बाहेरून फोन आला की आम्ही घ्यायचा आणि हव्या त्या विभागाला जोडून द्यायचा. सतरा वर्षं आम्ही शेजारी शेजारी बसलो. मी मुलुंडहून यायची, ती तिथलीच, टेकडीवरच्या वस्तीतली. माझे वडील मालवणातून मिलमध्ये आलेले, तिचे बुलढाण्याकडून बांधकामावर. ती बौद्ध, आम्ही मराठे. डबा मात्र पहिल्या आठवड्यापासून एकत्र. माझ्या कुळथाच्या पिठीवर ती आडवा हात मारायची आणि तिच्या घरचा ठेचा मी बाटलीत भरून घरी न्यायची.

दोघींत हुशार मी, हे आमच्यात ठरलेलं होतं. कोणी ठरवलं माहीत नाही, बहुधा मीच. सगळ्या विभागांचे नंबर मला तोंडपाठ, ती अजून भिंतीवरच्या यादीकडे बघायची. कुठल्या डॉक्टरांना कुणाचा फोन द्यायचा नाही, कुठल्या वॉर्डातली सिस्टर पहिल्या रिंगला उचलत नाही, हे मला विचारून ती काम करायची. मला ते आवडायचं. इतकं आवडायचं की ते आवडतंय हे मला तेव्हा कळतही नव्हतं.

मग नवीन यंत्रणा आली. फोन कॉम्प्युटरच्या वायरवरून चालायला लागले. अपॉइंटमेंटसाठी एक दाबा, रिपोर्टसाठी दोन दाबा, असं एक रेकॉर्ड केलेली बाई सांगायला लागली. बोर्डवर एकच ऑपरेटर पुरेल असं ठरलं. दुसरीला वर चौथ्या मजल्यावर आयटीमध्ये घेणार होते, नेटवर्क मॉनिटरिंगला. म्हणजे सगळ्या हॉस्पिटलातली मशिनं एकमेकांशी नीट बोलताहेत की नाही, कुठे काही अडलंय का, कुठे काही भलतं चाललंय का, हे स्क्रीनवर बघत बसायचं.

आयटीच्या मॅडमनी आम्हा दोघींना वेगवेगळं बोलावलं. मॅडम आमच्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. मला त्यांनी विचारलं, "नेटवर्क म्हणजे काय, तुम्हाला काय वाटतं?"

मी म्हटलं, "मोबाईलला येतं ते." आणि हसले. मला वाटलं, सोपा प्रश्न आहे, हसून उत्तर द्यावं.

तिने काय उत्तर दिलं ते तिने मला जेवताना सांगितलं. "मी म्हटलं, मॅडम, मला माहीत नाही. पण कुठला दिवा बघायचा आणि तो लाल झाला की कुणाला सांगायचं, ते सांगा. बाकीचं शिकेन."

"एवढंच?"

"एवढंच गं. मला नाही घेणार. तुलाच घेतील बघ."

तिला घेतलं.

मी तिला मिठी मारली, म्हटलं झकास, पार्टी हवी. आणि घरी जाऊन भांडी इतकी आपटली की माझ्याकडेच राहणारी आई आतून बाहेर आली. काय झालं ते सांगितल्यावर आई म्हणाली, "त्यांचां काय गो, त्यांका खयंय पुढे घेतत."

हे खोटं होतं. खाजगी ट्रस्टच्या हॉस्पिटलात राखीव जागा वगैरे काही नसतं, आणि तिने बी.कॉम. बाहेरून, पोरं शाळेत असताना, बोर्डवर पुस्तक मांडीवर ठेवून केलेलं मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आईला हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही. आईच्या म्हणण्याने मला बरं वाटलं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटलं ते खरं.

ती वर गेली आणि मला तिच्या एकेका गोष्टीचा त्रास व्हायला लागला. आमच्या ओळखपत्राची दोरी मरून रंगाची, तिची निळी झाली. वर एसी फार म्हणून ती स्वेटर आणायला लागली, भर मे महिन्यात स्वेटर. वॉर्डातले लोक तिला मॅडम म्हणायला लागले. तिच्यासमोर दोन स्क्रीन असायचे, त्यांचा फोटो तिने स्टेटसला ठेवला. मी तो पाहिला आणि लगेच पुढे ढकलला. मग परत मागे येऊन नीट पाहिला.

एक वाजता जेवायला मात्र ती खालीच यायची, माझ्याकडे. पहिल्या महिन्यात तिचं तोंड सुकलेलं असायचं. एक दिवस डबा उघडून तशीच बसली.

"वाट लागलीय गं. काही कळत नाही. आयपी अॅड्रेस, पोर्ट, पिंग, फायरवॉल. ती पोरं पटापट बोलतात, मी मान हलवते. विचारायची लाज वाटते."

माझ्या पोटात गार वाटलं. चांगल्या अर्थाने. मी म्हटलं, सांग बघू, काय काय शब्द आहेत. तिने वहीतून वाचून दाखवले, त्यांनी सांगितलेले इंग्रजी अर्थही वाचले. आणि मला, खरंच सांगते, ते कळले. आम्ही आयुष्यभर तेच तर केलं होतं.

"हे बघ," मी म्हटलं. "आयपी अॅड्रेस म्हणजे एक्स्टेन्शन नंबर. प्रत्येक मशिनचा आपापला. पॅथॉलॉजीला आपण फोन जोडला तरी आत कुणाशी बोलायचंय? रक्त घेणाऱ्यांशी की रिपोर्टवाल्यांशी? ती आतली खिडकी म्हणजे पोर्ट. पिंग म्हणजे नुसतं 'हॅलो, आहात ना?' तिकडून 'आहे' आलं, संपलं."

"आणि फायरवॉल?"

"फायरवॉल म्हणजे मी. औषध कंपनीचा माणूस फोन करून सांगतो, मी डॉक्टरांचा भाऊ बोलतोय. मी काय म्हणते? साहेब राउंडला गेलेत. कोणाला आत सोडायचं, कोणाला नाही, याची यादी माझ्याकडे असते."

ती हसायला लागली. मग विचारलं, "बेसलाइन?"

ते मला लगेच आलं नाही. तिने पुन्हा वाचून दाखवलं तेव्हा लक्षात आलं. "अगं, आयसीयूतून दुपारी चारला सारखे फोन जातात, नातेवाइकांना भेटायची वेळ असते म्हणून. त्याचं आपल्याला काही वाटतं का? पण तेच फोन सकाळी सातला जायला लागले तर? रोजचं काय आहे ते माहीत असणं, ती बेसलाइन. त्याच्याबाहेर गेलं की बघायचं."

तिने सगळं लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशीही विचारलं, तिसऱ्या दिवशीही. मी घरी मोबाईलवर मराठीतले व्हिडिओ बघायला लागले, तिच्या आधी मला कळावं म्हणून. लॉग म्हणजे मशिनची नोंदवही, मग बँडविड्थ, मालवेअर, पॅच. शंभर पानी वही केली. त्याच सुमारास मी एक अर्ज लिहिला, मलाही हे प्रशिक्षण मिळावं म्हणून, आणि मॅडमच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये ठेवून आले. तिला सांगितलं नाही. उत्तर आलं नाही, तेही सांगितलं नाही.

काही महिन्यांनी हॉस्पिटलने सगळ्या स्टाफसाठी सायबर सुरक्षेचं व्याख्यान ठेवलं. मॅडमचं मराठी कामापुरतं, व्याख्यान त्यांना इंग्रजी-हिंदीतच जमायचं, मावश्या आणि वॉर्डबॉय यांना मराठीतून कोण सांगणार, तर ती. बोर्ड रिकामा ठेवता येत नाही म्हणून मी खालीच. अर्ध्या-पाऊण तासाने दुसऱ्या मजल्यावरची सिस्टर उतरली आणि माझ्या खिडकीवर टेकून म्हणाली, "काय बोलली गं तुझी मैत्रीण! एवढ्या वर्षांत असं कोणी समजावलं नाही. म्हणते, फायरवॉल म्हणजे आपली ऑपरेटर, साहेब राउंडला गेलेत म्हणून सांगणारी. सगळे हसले. ट्रस्टींनी टाळ्या वाजवल्या."

मी म्हटलं, "हो का."

"तुला सांगितलं नव्हतं तिने?"

"सांगितलं होतं," मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी पाऊण वाजताच डबा खायला लागले. ती एकला यायची तेव्हा माझा डबा धुऊन झालेला असायचा. पहिल्या दिवशी तिने विचारलं, "जेवलीस?" मी म्हटलं, भूक लागली होती. दुसऱ्या दिवशीही भूकच लागली होती. आठवड्याभराने ती यायची थांबली.

तेव्हा मी तिच्याबद्दल किती विचार करायची ते आठवलं की नवल वाटतं. नवऱ्याबद्दल लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी एवढा केला नसेल. ती लिफ्टने गेली की जिन्याने, मॅडमबरोबर चहा प्यायला गेली का, साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागली तो नवीन आहे की जुना. बोर्डवर बसून लॉबी दिसायची. मी तिला बघायची.

मग तो मंगळवार. नव्या यंत्रणेबरोबर मलाही बोर्डवर कॉम्प्युटर आणि ई-मेल दिला होता. मेल मी फारशी बघत नसे, आठवड्यातून एकदा, पगाराची पावती आली का तेवढं. त्या सकाळी अकराच्या सुमारास उघडली तर वर एक मेल. नेटवर्क मॉनिटरिंगच्या पुढच्या प्रशिक्षणासाठी निवडलेले कर्मचारी. खाली माझं नाव. अभिनंदन. आज पाच वाजेपर्यंत आपली जागा निश्चित करा, अन्यथा ती दुसऱ्याला दिली जाईल.

मी वहीत लिहिलं होतं, माझ्याच अक्षरात: फिशिंग म्हणजे गळ टाकणं, घाई करणारी, आमिष दाखवणारी मेल आली की पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघा. मला हे येत होतं. कोणी विचारलं असतं तर मी उदाहरणासकट सांगितलं असतं. पण त्या क्षणी मला एवढंच दिसलं की ती जागा 'दुसऱ्याला' दिली जाईल, आणि तो दुसरा म्हणजे कोण हे मला माहीत होतं. मी लिंक दाबली. युजर नेम मागितलं, दिलं. पासवर्ड मागितला, दिला. आपली जागा निश्चित झाली आहे, असं आलं.

मी खुर्चीत मागे टेकले. चौकशीवाल्या मुलीला बोर्डकडे बघायला सांगून कँटीनमध्ये गेले आणि चहा घेतला. आईला फोन करून सांगितलं. आई म्हणाली, "बघ, देवाक काळजी." परत येऊन बसले तोच आतला फोन वाजला. वरून, तिचा.

"तू आत्ता कुठली मेल उघडलीस का गं?"

आठवडे झाले होते आम्ही बोललो नव्हतो. मला वाटलं, कळलं हिला. जळतेय.

"का? तुला नाही आली?"

"पासवर्ड टाकलास का? खरं सांग."

"टाकला. मग? तूच एकटीने शिकायचं का सगळं?"

तिने फोन ठेवला. दोनच मिनिटांत ती जिन्यावरून धावत खाली आली, स्वेटर एका खांद्यावरून घसरलेला. माझ्या खोलीत शिरली, टेबलाखाली वाकली आणि कॉम्प्युटरची निळी वायर खेचायला गेली. मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. बाहेर रांगेतले लोक बघत होते.

"हात लावायचा नाही. माझं मशीन आहे."

"सोड."

"जळतेस तू," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. "माझं नाव आलं म्हणून जळतेस."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या हाताने वायर काढली. धापा टाकत, अगदी हळू आवाजात म्हणाली, "तुझ्या मशीनवरून बाहेरच्या कुठल्या तरी पत्त्यावर सारखं काहीतरी जातंय. तुझ्या नावाने अख्ख्या हॉस्पिटलला तीच मेल जायला लागलीय. तू आठवड्यातून एक मेल बघतेस, तीही पगाराच्या पावतीसाठी. तुझं रोजचं काय ते मला माहीत नाही का? स्क्रीनवर बघितल्या बघितल्या कळलं, ही तू नाहीस."

मी तिचा हात सोडला. मनगटावर माझी बोटं उठली होती.

पुढचे दोन तास वरची माणसं खाली-वर करत होती. माझं खातं बंद केलं. ज्यांना माझ्या नावाने मेल गेली त्यांना फोन करून सांगायचं होतं की उघडू नका, आणि ते फोन मीच केले, कारण प्रत्येक विभागाचा नंबर मला पाठ होता. प्रत्येक फोनला सुरुवात अशी, "मी बोर्डवरून बोलतेय. माझ्या नावाने आलेली मेल उघडू नका." एका वॉर्डात उघडली होती, पण पासवर्ड टाकला नव्हता. पेशंटच्या नोंदींपर्यंत काही पोचलं नाही, असं संध्याकाळी कळलं.

घरी जाण्याआधी मी चौथ्या मजल्यावर गेले. सतरा वर्षांत दोनदा-तीनदाच गेले असेन. ती अहवाल लिहीत होती.

"माझं नाव घालू नकोस ना," मी म्हटलं. "कुणीतरी एक कर्मचारी, असं लिही."

"घालावं लागेल. लॉगमध्ये आहे ते."

"एवढं तरी कर."

"नाही करता येणार गं." मग तिने पेन ठेवलं. "आणि ते व्याख्यान. फायरवॉलचं. ते तुझं होतं, मी वापरलं. तुझं नाव घ्यायला हवं होतं, घेतलं नाही. सगळे टाळ्या वाजवत होते, मला छान वाटत होतं. तू लवकर जेवायला लागलीस तेव्हा कळलं मला, पण तोंड नव्हतं तुझ्यासमोर यायला."

मला वाटलं होतं, ती हे कबूल करेल तेव्हा मला जिंकल्यासारखं वाटेल. तसं काही झालं नाही. मला आणखी राग आला. चूक कबूल करण्यातही ती माझ्या पुढे होती. मी तशीच खाली आले.

दोन दिवसांनी मॅडमनी बोलावलं. मी नोकरीला मुकण्याच्या तयारीनेच गेले. टेबलावर तिचा अहवाल होता आणि त्याच्याखाली मी ट्रेमध्ये ठेवलेला तो अर्ज. मॅडमनी अहवालातला कारणांचा भाग माझ्याकडे फिरवला. तिने लिहिलं होतं की या कर्मचारी महिलेने आठ महिन्यांपूर्वी याच प्रशिक्षणासाठी अर्ज केला होता, त्याला उत्तर दिलं गेलं नाही. त्यामुळे निवड झाल्याची मेल तिला खरी वाटणं साहजिक होतं. अर्ज निकाली न काढणं ही आपल्याकडची त्रुटी आहे.

"अर्जाबद्दल तुम्ही तिला सांगितलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"ट्रेमधले कागद तीच वेगळे करून मला देते. तिने तेव्हाच पाहिला होता." मॅडमनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "मला सांगितलं मात्र नाही तिने. तसं अहवालातही लिहिलंय. वाचा पुढे."

पुढची ओळ होती: अर्ज माझ्या पाहण्यात आला होता, मी तो निदर्शनास आणला नाही.

ती ओळ मी तीनदा वाचली. म्हणजे तिलाही वाटलं होतं की मी वर येऊ नये. चौथ्या मजल्यावर ती एकटीच असावी. आठ महिने ती रोज तो कागद बघत होती, आणि त्यातले कितीतरी महिने माझ्यासमोर बसून कुळथाची पिठी खात होती. मला हसू आलं, मॅडमसमोरच. त्यांना वाटलं असेल, बाईला धक्का बसला.

शिक्षा म्हणून मला सुरक्षेचं व्याख्यान पुन्हा ऐकायचं होतं, पहिल्या रांगेत बसून. तीच देत होती. या वेळी फायरवॉलचं उदाहरण सांगताना तिने माझ्याकडे हात केला. "हे मला यांनी शिकवलं." सगळ्यांनी मागे-पुढे वाकून मला पाहिलं. निम्म्या लोकांना मी ती मेल उघडणारी बाई म्हणूनच माहीत होते. त्यापेक्षा तिने नाव घेतलं नसतं तर बरं, असं वाटून गेलं.

अर्ज मात्र मंजूर झाला. आता आठवड्यातून दोन दुपारी मी वर बसते, चौकशीवाली मुलगी बोर्ड सांभाळते. मलाही स्वेटर लागतो. आम्ही दोघी पुन्हा एकला जेवतो. अर्जाबद्दल ती बोलली नाही, मीही विषय काढला नाही. आता तिने कुठलीशी परीक्षा दिली आहे, पास झाली तर तिचं पद वाढेल. ती अभ्यास करताना मला प्रश्न विचारायला लावते. मी विचारते, आणि अवघड अवघड शोधून विचारते.

गेल्या बुधवारी ती रजेवर होती, मुलीच्या कॉलेजच्या कामासाठी. मी एकटीच स्क्रीनसमोर. दुपारी फिजिओथेरपीचा दिवा लाल झाला. पिंग केलं, उत्तर नाही. आजूबाजूचे सगळे दिवे हिरवे, म्हणजे बिघाड तिथेच. सगळ्यात आधी मनात काय आलं ते सांगते: बरं झालं, ती नाहीये. आतला फोनही त्याच वायरवरचा, म्हणून मी तिथल्या मावशींच्या मोबाईलवर फोन लावला. त्यांनी शेक द्यायचं मशीन लावायला सॉकेट हवं म्हणून स्विचचा प्लग काढला होता, वायरींच्या त्या छोट्या डब्याला नेटवर्कवाले स्विच म्हणतात हे त्यांना कुठून माहीत असणार. दुसरं सॉकेट कुठे आहे ते मी त्यांना सांगितलं, फोनवरूनच. दिवा हिरवा झाला. मी लॉगमध्ये वेळ, कारण आणि माझं नाव लिहिलं.

थोड्या वेळाने तिचा फोन आला. मागून कॉलेजच्या ऑफिसातला गलका ऐकू येत होता.

"सगळं ठीक ना गं? काही अडलं तर नाही?"

"काही नाही," मी म्हटलं. "तू निवांत काम कर तुझं."

दुसऱ्या दिवशी ती लॉग उघडेल तेव्हा तिला दिसणारच होतं. दिसू दे. एक दिवस तरी ते फक्त मला माहीत होतं.